झेंडूला टॉवेलमध्ये धरून हार्नेस घालू नका

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही कासारवडवलीला चौदाव्या मजल्यावर राहतो. आमच्याकडे सन कन्यूर जातीचा पोपट आहे, दोन वर्षांचा, नाव झेंडू. फार लाघवी. मुलगी अभ्यासाला बसली की तिच्या खांद्यावर बसून पेन्सिली कुरतडतो. त्याला बाहेर फिरवता यावं म्हणून ऑनलाइन हार्नेस, म्हणजे अंगात घालायचा दोरी लावलेला पट्टा, मागवला. नुसता दाखवला तरी किंचाळून पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात जायचा. शेवटी गेल्या रविवारी यांनी त्याला टॉवेलमध्ये धरलं आणि मी हार्नेस घातला. तो आडवाच पडला, धापा टाकायला लागला, मग पट्टा चावत सुटला. घाबरून लगेच काढला. तेव्हापासून माझ्या हातावर येत नाही आणि यांना पाहिलं की चोच उघडून धावून जातो. सासूबाई म्हणतात, दोरीबिरी कशाला, पंख छाटा म्हणजे प्रश्न मिटला. मुलीला दिवाळीच्या सुट्टीत त्याला उपवन तलावावर न्यायचंय. शेजारचे काका म्हणतात, झेंडूला जमलं तर आमच्या राघूलाही शिकवा. हार्नेसची सवय लागते का, की ही जबरदस्तीच आहे? — झेंडूची आई, ठाणे

प्रिय झेंडूची आई,

सवय लागते. दिवाळीपर्यंत मात्र लागणार नाही, आणि हे मुलीला आजच सांगून टाका. तारीख डोक्यावर असली की माणूस घाई करतो आणि घाई झाली की पुन्हा टॉवेल बाहेर निघतो. तसंही दिवाळीच्या दिवसांत पोपटाला घराबाहेर काढूच नये. एक बॉम्ब फुटला की बिथरलेला पक्षी दोरीला हिसडे देत स्वतःचा पंख मुरगळून घेईल. त्या दिवसांत खिडक्या लावून, पडदे ओढून त्याला आतल्या खोलीत ठेवा, एवढंच त्याचं दिवाळीचं सुख.

आता रविवारी नेमकं काय झालं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपल्याला श्वासपटल असतं, पक्ष्यांना नसतं. त्यांच्या छातीचं हाड पुढे-खाली सरकतं तेव्हा शरीरातल्या हवेच्या पिशव्या भरतात. ते हाड मुठीत किंवा टॉवेलात आवळलं गेलं तर चोच मोकळी असूनही पक्षी गुदमरतो. झेंडूच्या धापांमध्ये भीती होतीच, पण छातीवर आलेला दाबही असू शकतो. यापुढे घरात कुणीही त्याला छातीभोवती धरणार नाही, हा नियम करा. औषध पाजण्यासाठी वगैरे धरावंच लागलं, तर डोकं आणि मान दोन्ही बाजूंनी अलगद कशी आधाराने धरायची ते डॉक्टरांकडून समोर बसून शिकून घ्या.

दुसरी गोष्ट त्याच्या मनाची. रानात जे वरून येऊन झडप घालतं, ते पोपटाला खातं. दोन वर्षं ज्या हातांनी दाणे दिले, त्याच हातांनी त्या दिवशी झडप घातली असं त्याच्या लेखी झालं. ‘आडवाच पडला’ असं तुम्ही लिहिलंय. कितीतरी लोक हे पाहून म्हणतात, बघा, शांत झाला, आता रोज घालू म्हणजे सवय होईल. ती शांतता सवयीची नसते. सुटकेची आशा संपली की प्राणी असा निपचित होतो. तुम्ही घाबरून हार्नेस काढलात, ते फार बरं केलंत.

तेव्हा तो हार्नेस आधी नजरेआड करा, शक्यतो दुसऱ्या खोलीतल्या कपाटात. पुढे नवा घ्याल तो वेगळ्या रंगाचा घ्या. आता काही दिवस शिकवणं नाही, फक्त बिघडलेलं नातं सुधारायचं. यांनी त्याच्याजवळ हात न्यायचाच नाही. येता-जाता पिंजऱ्याच्या वाटीत एक सूर्यफुलाची बी टाकायची आणि न थांबता पुढे निघून जायचं. ‘बाळा ये ना’ असं लाडीगोडीचं बोलणंही नको. माणूस आला, चांगलं काहीतरी पडलं, माणूस गेला, बस्स. तो चोच उघडून धावला तर ओरडू नका आणि हात हिसकून घेऊ नका, एक पाऊल मागे जा. झेंडू स्वतः पुढच्या दांडीवर येऊन त्यांची वाट बघायला लागला की समजा, पहिला टप्पा ओलांडला. काहींना याला आठवडा लागतो, काहींना महिना, आणि त्यात घाई करून काहीही मिळत नाही.

सासूबाईंचा सल्ला काळजीपोटी आहे. पूर्वी घरोघर हेच करत. पण त्यांना चौदावा मजला दाखवून समजवा. पंख छाटलेला पक्षी उडत नाही हा गैरसमज आहे. त्याला वर चढता येत नाही, वळता येत नाही, पण वारा असला की तो तरंगत लांबवर जातो. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधून असा पक्षी एकदा बाहेर पडला तर खाली रस्त्यावरच जाणार, आणि परत वर यायची ताकद तुम्ही कात्रीने काढून घेतलेली असणार. घरातही असे पक्षी धपकन पडून छातीचं हाड दुखावून घेतात. शिवाय उडणं हाच या पक्ष्याचा व्यायाम आहे. तेव्हा पंख छाटू नका.

आता हार्नेसबद्दल. ऑनलाइन मिळणारे बरेचसे हार्नेस जाळीच्या बंडीसारखे असतात, मापात ढिले, आणि त्यांना लोखंडी किंवा जस्ताचा मुलामा दिलेली कडी असते. पोपट ती चावतो. जस्त आणि शिसं पोटात गेलं तर पोपटाला विषबाधा होते, हे जीवावर बेतू शकतं. मऊ, सपाट पट्टीचा घ्या. डोकं जाईल असं एक कडं आणि दोन्ही पंखांच्या मागून छातीखाली येणारे पट्टे, असा. दोरीत थोडा ताण घेणारा लवचीक भाग हवा, म्हणजे तो अचानक उडाला तरी हिसका बसणार नाही. माप वजनावरून ठरतं. सन कन्यूर साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅमचा असतो, पण अंदाजावर जाऊ नका, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर छोटी दांडी ठेवून त्याला मोजा. घातल्यावर पट्टा आणि छाती यांच्यामध्ये तुमच्या करंगळीचं टोक सहज सरकलं पाहिजे. पायाला साखळी किंवा दोरी बांधून फिरवतात ते मात्र कधीही नको. त्याचा पाय काडीएवढा असतो, उडता उडता हिसका बसला की मोडतो.

शिकवण्याचं भांडवल म्हणजे खाऊ. पेरू, डाळिंबाचे दाणे, मक्याचं कणीस, करडई, सूर्यफुलाच्या बिया, राळ्याचं कणीस असं एका ताटलीत थोडं थोडं मांडा आणि तो सगळ्यात आधी काय उचलतो ते बघा. जे उचलेल ते रोजच्या वाटीतून काढून टाका, यापुढे ते फक्त शिकताना मिळेल. बहुतेक वेळा ते सूर्यफूलच निघतं. ते तेलकट असल्याने रोजच्या खाण्यात कमी झालं तर उत्तमच. मात्र शिकावा म्हणून उपाशी ठेवायचं नाही. सकाळच्या खाण्याआधी पाच-सात मिनिटं शिकवा, मग पोटभर वाटी द्या. वजन रोज वहीत लिहायचं काम मुलीला द्या. नेहमीच्या वजनाच्या दहा टक्के घट दिसली तर शिकवणं बंद आणि डॉक्टर.

सुरुवात काडीपासून करा. आइस्क्रीमची काडी पुढे धरली की तो कुतूहलाने चोच लावेल. लावली की त्याच क्षणी ‘छान’ म्हणायचं आणि बी द्यायची. शब्द आणि बी यांची जोडी त्याच्या डोक्यात पक्की बसली पाहिजे, म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरा. काडीमागे तो दांडीभर चालायला लागला, तुमच्या हातावर यायला लागला की तुमचं बोलणं त्याला कळू लागलं म्हणायचं.

मग कडं. हार्नेस अजून कपाटातच राहू द्या. मऊ सुती नाडीचं हाताच्या पंजाएवढं मोठं कडं करा. एका हातात कडं, आणि त्याच्या पलीकडे दुसऱ्या हातात बी. इथे तुम्ही नीट बघत राहायचं. तो मान लांब करेल, चोच कड्यातून पुढे येईल, नाडी मानेवरच्या पिसांना लागेल आणि तो झटकन मागे घेईल. घेऊ द्या. हात हलवू नका, कडं त्याच्या मागे नेऊ नका. नुसतं धरून ठेवा. पुन्हा येईल, या वेळी डोळ्यांपर्यंत आत येईल, बी घेईल आणि परत मागे जाऊन सोलत बसेल. कडं नेहमी स्थिर, हलायचं ते झेंडूने. बहुतेकांचं सगळं इथेच बिनसतं. पक्ष्याने डोकं निम्मं घातलेलं दिसलं की माणसाला राहवत नाही आणि हात आपोआप कडं पुढे ढकलतो. ते ढकलणं त्याला टॉवेलची आठवण करून देतं. तो खांद्यापर्यंत निवांत घुसून, नाडी मानेवर असतानाच बी सोलून खायला लागला, की कडं थोडं लहान करा. असं करत हार्नेसच्या कड्याएवढं आणा.

याच दिवसांत, पण वेगळ्या वेळी, पंखांना हात लावायची सवय करा. बोटाने पंखाची कडा टेकवायची, बी. पुढे पंख किंचित उचलायचा, बी. बोट पंखाखालून जायचं, बी. तिथे रेंगाळू नका, कुरवाळू तर अजिबात नका. पाठीवर आणि पंखांखाली कुरवाळणं पोपटाला जोडीदाराचं वागणं वाटतं, मग तो हट्टी आणि चावरा होतो. लाड करायचे ते डोक्यावर आणि मानेवर. पिसं गळून नवी येत असतील, मानेवर टोकदार काड्या दिसत असतील, तर हा भाग तेवढे दिवस थांबवा. नव्या पिसात रक्त खेळतं असतं, त्याला दाब लागला की दुखतं. ते दुखणं हार्नेसच्या नावावर जमा व्हायला नको.

आता नवा हार्नेस बाहेर काढा. पहिल्यांदा खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर पडलेला, त्याच्याकडे बघून झेंडू शांत राहिला की बी. रोज थोडा जवळ. तो स्वतःहून चोचीने उचलायला लागला तर कौतुक करा, पण चघळू देऊ नका. चावा घेतलेला पट्टा नेमका बाहेर असताना तुटतो. कडं त्याने आधीच शिकलेलं आहे, त्यामुळे डोकं घालणं लवकर जमेल. अडेल ते बकल सरकण्याच्या आवाजाशी. तो कट्कन आवाज मानेशी झाला की पक्षी दचकतो. म्हणून हार्नेस अंगावर नसतानाच, लांबून, बकल सरकवा आणि बी द्या. त्या आवाजाने तो खाऊ मागायला मान उंचावेल, तेव्हा ते बकल त्याच्या मानेजवळ न्या. पहिल्यांदा पूर्ण घातलात तर तीन-चार बिया खाऊन होईपर्यंतच ठेवा आणि काढा. तो कंटाळायच्या आत काढायचं, हे लक्षात असू द्या. काढणंही शिकवावंच लागतं. घालताना शांत असणारे कितीतरी पोपट काढताना चावतात, कारण त्या वेळी घाईत कुणी खाऊ देत नाही.

झेंडू ‘नको’ म्हणतो ते ओळखायला घरात सगळ्यांनी शिकलं पाहिजे. पिसं अंगाला चिकटवून एकदम सडपातळ होणं, शरीर मागे झुकवणं, दांडीवर बाजूबाजूला सरकत जाणं, बी हातात धरूनही न खाणं, चोच अर्धवट उघडी. बुबुळं भराभर लहान-मोठी होणं हे आनंदातही होतं आणि रागातही, म्हणून बाकीचं अंग बघून ठरवा. यांतलं काहीही दिसलं की त्या दिवशी तिथेच थांबायचं, आदल्या दिवशी सहज जमलेली एखादी सोपी गोष्ट करून घ्यायची, बी द्यायची, संपलं. त्याचं ‘नको’ ऐकलं जातं हे कळलं की तो चावायचा थांबतो. आधी लहान खुणा कुणी ऐकल्या नाहीत म्हणून तर चोच वापरावी लागते. ही जबरदस्ती आहे का, असं तुम्ही विचारलंत. तो स्वतःहून मान घालत असेल आणि घालायची नसेल त्या दिवशी तुम्ही बाहेर जाणं रद्द करत असाल, तर नाही. तुमची बॅग भरून तयार आहे, मुलगी चप्पल घालून दारात उभी आहे, आणि झेंडू मान मागे घेतोय, अशी वेळ येईलच. तेव्हा चप्पल काढायची.

घरात तो हार्नेस घालून नेहमीसारखा खेळायला, पिसं साफ करायला लागला की मग गॅलरी. कबुतरांची जाळी असेलच, पण तिच्यावर विसंबू नका, कन्यूरची चोच नायलॉनची जाळी बघता बघता तोडते. त्यानंतर सोसायटीची बाग, सकाळी वर्दळ नसताना. दोरी तुमच्या मनगटाला, आखूड. दोरी स्टँडला किंवा बाकाला बांधून त्याला एकटं ठेवायचं नाही, घरातही हार्नेस घालून एकटं सोडायचं नाही. आभाळात घार दिसली की तो ताठ होऊन एक डोळा वर करेल. त्या वेळी त्याला छातीशी घ्या. ठाण्यात घारी बाराही महिने आहेत, शिक्राही आहे, आणि कावळे तर असा पिवळाधमक पक्षी दिसला की टोळीने मागे लागतात. भटकी कुत्री आणि मांजरं आहेतच.

उपवन या सगळ्याच्या नंतर, आणि रविवारी संध्याकाळी कधीच नाही. सकाळी सातच्या सुमारास, थोडा वेळ. तलावाकाठी दाणे टिपणाऱ्या कबुतरांपासून, बगळ्यांपासून लांब बसा. २०२१ च्या जानेवारीत ठाण्यात मेलेल्या पक्ष्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता, तेव्हा रानपक्ष्यांची विष्ठा पडलेल्या जागी झेंडूला उतरवू नका, आणि साथीची बातमी असेल तेव्हा घराबाहेरच काढू नका. तिथून पुढे येऊरला न्यायचा मोह टाळा. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, पाळीव पक्ष्याची ती जागा नव्हे. आणि कुठेही निघण्याआधी पक्ष्यांचा अनुभव असलेला डॉक्टर शोधून ठेवा. जवळ कुणी नसेल तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलचा रस्ता माहीत करून घ्या.

काही पोपट कितीही प्रेमाने शिकवलं तरी हार्नेस पत्करत नाहीत. झेंडू तसा निघाला तर मन खट्टू करू नका. बाहेर न्यायचं मुख्य कारण ऊन असेल, तर ते पिंजऱ्यासकट गॅलरीतही मिळतं. फक्त काचेआडून नको, खिडकीची काच पक्ष्याला लागणारे अतिनील किरण अडवते. कोवळं ऊन, निम्म्या पिंजऱ्यावर सावली, पाण्याची वाटी, आणि तुम्ही शेजारी बसलेल्या. एवढ्यावर तो मजेत राहील.

कागदपत्रांचं एक काम मात्र लगेच करा. सन कन्यूर मूळचा गयाना आणि उत्तर ब्राझीलकडचा, रानात तो इतका कमी उरलाय की आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत संकटग्रस्त आहे. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइट्स’ करारातल्या परिशिष्टांमध्ये असलेले असे परदेशी प्राणी-पक्षी घरात असतील तर २०२२ मध्ये दुरुस्त झालेल्या वन्यजीव कायद्यानुसार आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. नियम आले तेव्हा सहा महिन्यांची मुदत होती. तुमची नोंद राहिली असेल तर गप्प बसू नका, खरेदीची पावती आणि त्याच्या पायात कडी असेल तर तिच्यावरचा नंबर घेऊन ठाण्याच्या वन विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा.

शेजारच्या काकांच्या राघूला काहीही शिकवू नका. तो आपल्याकडचा हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात पट्टा असलेला पोपट असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळणं गुन्हा आहे, मग तो बाजारातून आणलेला असो की झाडाखाली सापडलेला. हे काकांना जरा सबुरीने सांगा, बहुतेकांना खरंच माहीत नसतं. आणि हेही सांगा की घाबरून त्याला खिडकीतून सोडून देऊ नका. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्या पोपटाला दाणे शोधता येत नाहीत, कावळे त्याला तासाभरात गाठतात. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून त्याला त्यांच्या ताब्यात द्यायचं. काका एकटे जायला कचरत असतील, तर तुमच्या यांना सोबत पाठवा.